महाविदर्भ, नाग-विदर्भ, विदर्भ : एका प्रदेशनामाची चिकित्सा

स्वतंत्र विदर्भ राज्याच्या मागणीसंबंधी जे लेखन आजवर झाले आहे, त्याचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. एका वर्गात आकडे आहेत. सिंचन, रस्ते, वीज, नोकऱ्या आणि महसूल हे त्याचे विषय होत. दुसऱ्या वर्गात इतिहास आहे; तो बहुधा दमयंती व रुक्मिणी यांच्या माहेरापासून निघतो, वाकाटकांच्या राजधानीत थोडा विसावतो आणि तेथून एका उडीत विसाव्या शतकात येऊन पोहोचतो. पहिल्या वर्गाची छाननी अर्थशास्त्रज्ञांनी पुष्कळ केली आहे. दुसऱ्या वर्गाच्या वाट्याला तितकी बारकाई आलेली दिसत नाही. समर्थकांना त्या इतिहासाची ओजस्विता पुरेशी वाटते, आणि विरोधकांना तो एका वाक्यात झटकून टाकण्याजोगा वाटतो. वस्तुतः या युक्तिवादाचा सारा भार ‘विदर्भ’ या एका शब्दावर आहे. तो शब्द केव्हा, कोणत्या भूभागाला उद्देशून आणि कोणत्या समासात वापरला गेला, हा शुद्ध भाषिक प्रश्न आहे. राज्य असावे की असू नये, याचा निर्णय त्यातून निघणार नाही. परंतु त्या निर्णयासाठी पुढे केला जाणारा एक पुरावा कितपत टिकतो, हे त्यावरून ठरेल.

प्राचीन साधनांपासून आरंभ करणे प्राप्त आहे. महाभारतातील विदर्भ, त्याची राजधानी कुंडिनपूर, आणि अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी असलेले आजचे कौंडिण्यपूर, ही परंपरा सर्वपरिचित आहे. परंतु विदर्भाच्या राजकीय आकाराविषयी ज्या एका ग्रंथात नेमके विधान सापडते, त्याचा उल्लेख चळवळीच्या लेखनात सहसा होत नाही. तो ग्रंथ म्हणजे कालिदासाचे ‘मालविकाग्निमित्र’. त्याच्या पाचव्या अंकात अग्निमित्र जिंकलेला विदर्भ यज्ञसेन आणि माधवसेन या दोघा चुलतभावांत वाटून देतो, आणि दोन राज्यांमधील सीमा म्हणून वरदा नदी ठरवतो. वरदा म्हणजे वर्धा. या वाटणीवरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. कवीच्या दृष्टीपुढील विदर्भ वर्धेच्या दोन्ही तीरांवर पसरलेला होता, ही एक. तिचा उपयोग आजच्या समर्थकांना निश्चित होईल. दुसरी गोष्ट अशी की, तो दुभंगला तो त्या नदीवरच. वाकाटकांच्या काळातही एक शाखा रामटेकजवळच्या नंदिवर्धनाहून आणि दुसरी वत्सगुल्माहून, म्हणजे आजच्या वाशीमहून, राज्य करीत होती. नाटकातील वाटणी आणि वाकाटकांची वाटणी यांच्यात काही कार्यकारणसंबंध आहे असे कोणी म्हणू नये. तथापि अखंड विदर्भाची स्मृती म्हणून ज्या साधनांचा हवाला दिला जातो, ती साधने अखंडतेविषयी बोलत नाहीत, हे नोंदले पाहिजे.

मध्ययुगात ‘विदर्भ’ हा शब्द ग्रंथांत राहिला आणि लोकव्यवहारात ‘वऱ्हाड’ आले. फार्सी दप्तरात त्याचे ‘बरार’ झाले. या शब्दाची ‘वरदातट’ अशी व्युत्पत्ती पुष्कळदा दिली जाते, आणि ती अलीकडची नव्हे. अबुल फझलने ‘आईन-इ-अकबरी’त ती सांगितली आहे. ध्वनिपरिवर्तनाच्या दृष्टीने ती सर्वस्वी समाधानकारक नाही. मधल्या ‘ह’काराचा उलगडा तीत होत नाही. रुक्मिणीच्या विवाहाच्या वऱ्हाडावरून प्रदेशाला नाव पडले, ही लोकव्युत्पत्ती तर केवळ गोड आहे. अधिक महत्त्वाची बाब सुभ्याच्या विस्ताराची आहे. अकबरकालीन बरार सुभ्यात एका बाजूस पाथरी आणि माहूर होते, दुसऱ्या बाजूस सातपुड्यापलीकडील खेरला होते. म्हणजे आजच्या मराठवाड्याचा काही भाग तेव्हा वऱ्हाडात मोडत होता. उलट आजच्या विदर्भाचा पूर्वेकडील मोठा प्रदेश देवगड आणि चांदा येथील गोंड राजांचा होता. नागपूर शहराची स्थापनाच मुळी अठराव्या शतकाच्या आरंभी देवगडच्या बख्त बुलंद या गोंड राजाने केली.

नागपूरकर भोसल्यांच्या अमलात दोन्ही तीर काही काळ एका सत्तेच्या छायेत आले. पण १८०३ च्या देवगावच्या तहाने भोसल्यांना वर्धेच्या पश्चिमेकडील मुलूख सोडावा लागला आणि तो निजामाकडे गेला. १८५३ साली निजामाने वऱ्हाड कंपनीच्या व्यवस्थेखाली दिले. त्याच वर्षाच्या अखेरीस नागपूरचे तिसरे रघूजी निवर्तले आणि पुढच्या वर्षी ते राज्य खालसा झाले. १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला, पण वऱ्हाड त्यात नव्हते. १९०२ चा कायमचा पट्टा झाल्यानंतर, १९०३ साली वऱ्हाड मध्यप्रांताला जोडले गेले. अर्थात् १८०३ पासून १९०३ पर्यंत बरोबर शंभर वर्षे वर्धेच्या दोन तीरांवर दोन निरनिराळे कारभार चालले. जोडणी झाल्यावरही नाव जोडलेलेच राहिले: ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’. त्यातील ‘व’ हे अव्यय केवळ व्याकरणाचे नव्हते. वऱ्हाडवर निजामाचे नाममात्र स्वामित्व १९४७ पर्यंत मानले जात होते.

यापुढील टप्पा विशेष उद्बोधक आहे. १९२० च्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसने आपल्या प्रांतिक समित्यांची रचना भाषेच्या तत्त्वावर केली. भाषावार प्रांतरचनेचा पाया म्हणून हा निर्णय नित्य सांगितला जातो. परंतु त्या रचनेत मराठी भाषकांचा एक प्रांत झाला नाही. पुणे हे केंद्र असलेला महाराष्ट्र, नागपूर हे केंद्र असलेला मध्यप्रांताचा मराठी भाग, अमरावती हे केंद्र असलेले वऱ्हाड, आणि मुंबई शहर असे चार विभाग झाले. भाषेचे तत्त्व ज्यांनी प्रथम मान्य केले, त्यांनीच एका भाषेचे अनेक प्रांत सहजपणे स्वीकारले होते. (रणजी करंडकाच्या स्पर्धेत मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ हे तीन संघ आजही वेगवेगळे उतरतात, व २०१८, २०१९ आणि २०२५ साली विदर्भाने तो करंडक जिंकला. १९२० ची ती वाटणी राजकारणातून गेली तरी मैदानावर बहुतांशी शिल्लक आहे.)

या रचनेतील वऱ्हाडच्या समितीला पुढे ‘विदर्भ प्रांतिक’ असे नाव रूढ झाले. ब्रिजलाल बियाणी हे दीर्घकाळ तिचे अध्यक्ष होते आणि ‘विदर्भकेसरी’ म्हणून ओळखले जात. या प्रयोगात ‘विदर्भ’ म्हणजे केवळ वऱ्हाड, त्यात नागपूर नाही. हा अर्थ लक्षात घेतल्याखेरीज पुढील दोन समासांचा उलगडा होत नाही. १ ऑक्टोबर १९३८ रोजी मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळाने मराठी जिल्ह्यांच्या वेगळ्या प्रांताचा ठराव संमत केला. त्या प्रांतासाठी रूढ झालेला शब्द ‘महाविदर्भ’ असा होता. ऑगस्ट १९४७ मधील अकोला करारातही तोच आहे. एका मराठी प्रांतात पश्चिम महाराष्ट्र आणि महाविदर्भ असे दोन उपप्रांत त्यात कल्पिले होते. येथे ‘महा’ हे पूर्वपद गौरवार्थी आहे, अशी समजूत होण्याचा संभव आहे. ते विस्तारवाचक आहे. विदर्भ म्हणजे वऱ्हाड असे असताना नागपूरकडचे चार जिल्हे त्याला मिळाले की होतो तो महाविदर्भ. त्यानंतर ‘नाग-विदर्भ’ हा समास आला. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर चाललेल्या आंदोलनाच्या समितीने तो आपल्या नावात घेतला. हा सरळ द्वंद्व आहे: नागपूर आणि विदर्भ. ज्या समितीचा दावा प्रदेशाच्या एकत्वाचा होता, तिच्या नावातच दोन घटक स्वतंत्रपणे उभे होते. लोकनायक माधव श्रीहरी अणे हे या चळवळीचे सर्वांत आदरणीय नेते. १९६२ साली ते नागपुरातून लोकसभेवर अपक्ष म्हणून निवडून गेले. अणे मूळचे यवतमाळचे, टिळकांचे निष्ठावंत अनुयायी आणि संस्कृतज्ञ. त्यांनी टिळकांवर ‘तिलकयशोऽर्णव’ हे संस्कृत महाकाव्य रचले. या समासाचा विग्रह त्यांना कोणी सांगण्याची आवश्यकता नव्हती.

पूर्वपद गळून केवळ ‘विदर्भ’ या शब्दाने आठही जिल्ह्यांचा बोध होऊ लागला, त्याचे श्रेय मुख्यतः दोन संस्थांना द्यावे लागेल. पहिली वाङ्मयीन आहे. १९२३ साली स्थापन झालेल्या विदर्भ साहित्य संघाने वऱ्हाड आणि नागपूर येथील लेखकांना एका नावाखाली आणले. राजकारणात विदर्भ अजून वऱ्हाडापुरता होता, तेव्हा साहित्यात तो वर्धा ओलांडून गेला होता. दुसरी संस्था राज्यपुनर्रचना आयोग होय. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि क. मा. पणिक्कर यांच्या या आयोगाने ३० सप्टेंबर १९५५ च्या अहवालात बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा आणि चांदा या आठ जिल्ह्यांचे वेगळे राज्य सुचवले आणि त्याला ‘विदर्भ’ असे नाव दिले. शिफारस फेटाळली गेली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हे जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आले. राज्य झाले नाही. नाव मात्र स्थिर झाले.

साहित्यातून राजकारणात उतरलेल्या अशा नावाचा दुसरा दाखला इंग्लंडमध्ये सापडतो, आणि तुलनेसाठी तो घेण्यासारखा आहे. नॉर्मन विजयानंतर ‘वेसेक्स’ हे सॅक्सन राज्याचे नाव कारभारातून गेले होते. टॉमस हार्डीने १८७४ पासून आपल्या कादंबऱ्यांत ते पुन्हा वापरले, आणि शतकभराने, १९७४ साली, त्या नावाने प्रादेशिक स्वायत्ततेची चळवळ उभी राहिली. हार्डीचे वेसेक्स आणि इतिहासातील वेसेक्स यांच्या सीमा एक नाहीत. त्याचे ऑक्सफर्ड व कॉर्नवॉलही त्याच नकाशात येतात. मर्सिया या दुसऱ्या प्राचीन राज्याच्या नावाने तर २००३ साली बर्मिंगहॅम येथे काही मंडळींनी स्वातंत्र्याची घोषणाही केली. तिचा परिणाम शून्य झाला. मर्सियाचे नाव आज प्रत्यक्ष कारभारात आहे ते एका पोलीस दलापुरते. कॉर्नवॉलची गोष्ट निराळी आहे. तेथे १९५१ मध्ये स्थापन झालेल्या पक्षाने आपले नावच मुळी कॉर्निश भाषेत घेतले, कारण तेथे प्रदेशाचे नाव आणि भाषेचे नाव एका मुळापासून आलेले आहे.

विदर्भाचा प्रश्न या दोन प्रकारांच्या मध्ये कोठे बसतो, हे भाषेच्या बाजूने पाहिले म्हणजे कळते. ‘विदर्भ’पासून बोलीचे नाव कधीही तयार झाले नाही. लोक वऱ्हाडी बोलतात, नागपुरी बोलतात, पूर्वेकडे झाडी बोलतात. ‘वैदर्भी’ हा शब्द संस्कृतात आहे, पण त्याचा अर्थ दमयंती, किंवा रुक्मिणी, किंवा काव्याची एक रीती. छत्तीसगढ हे एकेकाळी मध्यप्रांतातच असलेले राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी वेगळे झाले, तेव्हा ‘छत्तीसगढी’ हे भाषानाम त्याच्याजवळ आधीपासून होते. तेलंगणाची भाषा तेलुगूच, आणि राज्य २ जून २०१४ रोजी झाले. परंतु तेथील आंदोलनाने आपल्या बोलीची चित्रपटांत होणारी थट्टा हा मानापमानाचा विषय केला. विदर्भाच्या चळवळीने तसे केले नाही. वऱ्हाडीची थट्टा पुण्या-मुंबईच्या रंगभूमीवर कमी झाली म्हणून नव्हे! कारण अधिक खोल असावे. बोलीचा झेंडा उभारला असता तर तो कोणत्या बोलीचा, हा प्रश्न पहिल्याच सभेत उपस्थित झाला असता.

बोलींच्या सीमा पाहता ही अडचण स्पष्ट होते. ‘मले’, ‘तुले’ यांतील ‘-ले’ हा प्रत्यय वऱ्हाडीचे ठळक लक्षण म्हणून सांगतात. तो खानदेशच्या अहिराणीतही आहे. अकोला-बुलढाण्याकडे ‘काळा’चा ‘काया’ होतो आणि तीच प्रवृत्ती पश्चिमेस तापीच्या खोऱ्यात पुढे चालू राहते. म्हणजे ज्या लक्षणांनी वऱ्हाडी पुण्याच्या मराठीहून वेगळी पडते, त्यांपैकी काही तिला जळगाव-धुळ्याशी जोडतात, आणि हे जिल्हे कोणत्याही काळच्या विदर्भ-योजनेत नाहीत. ‘काय करून राहिला?’ ही क्रियापदरचना वर्धेच्या दोन्ही तीरांवर ऐकू येते खरी, पण तिच्यामागे हिंदीचा सहवास आहे. वैनगंगेच्या खोऱ्यात गेल्यावर झाडीबोलीत ‘ण’ आणि ‘ळ’ हे वर्णच आढळत नाहीत. या सर्वांना एका रेषेत बांधणारी भाषिक सीमा काढता येत नाही. विदर्भ हा भाषिक प्रदेश आहे असे म्हणण्यास आधार नाही, आणि चळवळीच्या जाणत्या नेत्यांनी तसे म्हटलेही नाही, ही त्यांची सावधगिरी मान्य केली पाहिजे.

येथवर समर्थकांच्या बाजूची चिकित्सा झाली. एकीकरणवाद्यांचा युक्तिवाद तिच्याहून निर्दोष आहे, असे मात्र कोणी समजू नये. भाषा एक म्हणून राज्य एक, हे अनुमान १९५५ सालीच उघडे पडले होते. डॉ. आंबेडकरांनी १९४८ मध्ये एकभाषिक महाराष्ट्राचे समर्थन केले होते. पण १९५५ च्या भाषिक राज्यांवरील ग्रंथात त्यांनी एका राज्यात एक भाषा आणि एका भाषेचे एकच राज्य या दोन तत्त्वांतील भेद दाखवून दिला, पहिले स्वीकारले, दुसरे नाकारले, आणि मराठी प्रदेशाची मुंबई धरून चार राज्ये सुचवली. या तार्किक भेदाला संयुक्त महाराष्ट्राच्या साहित्यात उत्तर क्वचितच मिळते. भावनेचे उत्तर मिळते. त्या भावनेलाही आधार आहे, आणि तो पुणेरी नाही. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ ‘लीळाचरित्र’ तेराव्या शतकात अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे सिद्ध झाला. तो पंथ वऱ्हाडात वाढला, आणि आपल्या अनुयायांनी महाराष्ट्रात राहावे असे चक्रधरांचे सांगणे होते. डॉ. वि. भि. कोलते यांनी आयुष्यभर हे वाङ्मय शोधून, तपासून, १९७८ साली ‘लीळाचरित्रा’ची संपादित आवृत्ती प्रसिद्ध केली. तेराव्या शतकातील त्या लेखकांच्या मनात वऱ्हाड हे महाराष्ट्राबाहेर नव्हते. मात्र त्यावरून मंत्रालय मुंबईत असावे असे सिद्ध होत नाही.

तर मग ‘विदर्भ’ हे नाव आज कशाचे आहे? इतिहासाने ज्याला अखंड सीमा दिली नाही आणि बोलींनी दिली नाही, त्याला ती हिशोबाने दिली, असे म्हणावे लागते. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने लोकसंख्येच्या प्रमाणात निधी, नागपुरास वर्षातून किमान एक अधिवेशन आणि उच्च न्यायालयाचे खंडपीठ मान्य केले. भाऊसाहेब हिरे आणि यशवंतराव चव्हाण यांच्याबरोबर रामराव देशमुख, रा. कृ. पाटील व गोपाळराव खेडकर यांच्या त्यावर सह्या आहेत. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३७१ व्या कलमात विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी वेगळ्या विकासमंडळांची तरतूद आली. घटनेच्या दृष्टीने पुणे शहर ‘उर्वरित’ आहे, ही गोष्ट येथील अभ्यासकांनी अधूनमधून आठवावी. मंडळे प्रत्यक्षात स्थापन होण्यास १९९४ साल उजाडले, आणि एप्रिल २०२० मध्ये त्यांची मुदत संपली. त्याआधी, १९८३ मध्ये नेमलेल्या प्रा. वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ साली तीन विभागांच्या तुटीचे मोजमाप केले: एकूण सुमारे ३,१८७ कोटी रुपये, त्यात विदर्भाची सुमारे १,२४७ कोटी, म्हणजे ३९ टक्के. ‘अनुशेष’ हा संस्कृतोद्भव शब्द तेव्हापासून नागपूरच्या चहाच्या टपरीपर्यंत पोहोचला. परिभाषिक शब्द इतका लोकव्यवहारात मुरल्याची उदाहरणे मराठीत थोडी आहेत. १९३८ च्या ठरावात जो विस्तार ‘महा’ या पूर्वपदाने सांगावा लागला, तो आता कोष्टकातील एका स्तंभाच्या शीर्षकाने सांगितला जाऊ लागला. आणि २०१६ साली राज्याचे महाधिवक्ता श्रीहरी अणे यांनी वेगळ्या विदर्भाबरोबर मराठवाड्याचाही प्रश्न काढला व त्यांना पद सोडावे लागले, तेव्हा त्यांच्या मांडणीचा आधार बहुतांशी हाच स्तंभ होता, आजोबांचे संस्कृत काव्य नव्हे.

हिशोबावर उभा राहिलेला दावा हीन आहे, असा याचा अर्थ नाही. तो तपासता येतो, हा त्याचा मोठाच गुण आहे. परंतु स्तंभ जितका रुंद, तितके त्यातले भेद पुसट होतात. आठांचे आज अकरा जिल्हे झाले आहेत. अमरावती आणि गडचिरोली यांची सरासरी एकत्र काढली असता निघणारी संख्या दोहोंपैकी एकाचीही नसते. भाषेच्या बाबतीत ही पुसटता अधिक गंभीर आहे. मेळघाटात कोरकू ही मुंडा कुळातील भाषा आहे. गोंडी आणि कोलामी द्राविड आहेत. आणि बुलढाणा जिल्ह्याच्या जळगाव जामोद भागात निहाली बोलली जाते. तिचे नाते जगातील कोणत्याही भाषाकुळाशी निश्चित करता आलेले नाही, आणि १९६२ साली डच पंडित कायपर यांनी तिच्यावर स्वतंत्र प्रबंध लिहिला. भारतात अशी भाषावैविध्याची दाटी असलेले भूभाग थोडे आहेत. वर उल्लेखिलेला ठराव, करार, अहवाल आणि कोष्टक यांतील वाद मराठी भाषकांचा आपसांतला आहे. या भाषा बोलणाऱ्यांना त्यात वादी किंवा प्रतिवादी असे स्थान नाही. नागपूर राजधानी झाली तर भामरागडच्या शाळेत पहिल्या इयत्तेचे पुस्तक कोणत्या भाषेत असेल, हा प्रश्न मुंबई राजधानी असताना जितका अनुत्तरित आहे, तितकाच तेथेही राहतो.

वैदर्भी रीतीची चर्चा करताना वामनाने एक शंका स्वतःच उपस्थित केली आहे: रीतींना देशांची नावे का? त्याचे उत्तर असे की, ती त्या त्या देशांतील कवींच्या ठायी दिसली म्हणून. देशाकडून काव्याला काही मिळते म्हणून नव्हे. झाडीपट्टीतील लोकांनी या बाबतीत उलट मार्ग धरला आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत सुगीनंतरच्या दिवसांत रात्रभर नाटके चालतात आणि वडसा येथे नाटक मंडळ्यांच्या कचेऱ्या आहेत. त्या रंगभूमीने नाव घेतले आहे ते झाडीपट्टीचे, आणि तिथल्या लेखकांनी १९९० नंतर स्वतंत्र संमेलने भरवली तीही झाडीबोलीच्या नावाने. आजवरच्या एकाही विदर्भ-योजनेच्या शीर्षकात हा शब्द आलेला नाही.